तोच रथ कीं दुसरा?

आमचे एक जुने स्नेही गेलीं चाळीस वर्षें इंग्लंडांत राहत आहेत. त्यांचीं पत्रें क्वचित् येतात, पण येतात तेव्हां सविस्तर येतात. दोन वर्षांपूर्वीं आलेल्या अशाच एका पत्रांत कुशलवर्तमान चार ओळींत आटोपून त्यांनीं पुढचीं तीन पानें एका मोटारगाडीच्या हकीकतीस दिलीं होतीं. गाडी १९७३ सालची, रिलायंट कंपनीची, 'सिमिटर जी. टी. ई.' नांवाची. ती त्यांनीं वीस वर्षांपूर्वीं दुसऱ्याकडून घेतली आणि हौसेनें सांभाळली. आतां गुडघे कुरकुरूं लागल्यामुळें त्या बसक्या आसनांत उतरणें आणि त्यांतून वर येणें त्यांस जड जाऊं लागलें, म्हणून ती विकण्याचा त्यांचा विचार होता. येथपर्यंत सर्व सरळ होतें. अडचण पुढें होती. गाडी घेतली त्या वेळीं आधींच्या मालकानें बोलतां बोलतां त्यांस सांगितलें होतें कीं, गाडीचा मूळ पोलादी सांगाडा गंजून निकामी झाल्यामुळें, त्याच जातीच्या एका मोडींत निघालेल्या गाडीचा सांगाडा त्यानें तिच्याखालीं बसविला होता; इंजिनही मूळचें नव्हतें. बाहेरून पाहणारास ह्यांतलें कांहीं दिसत नव्हतें. कागदपत्रांत त्याची नोंद नव्हती. "विचारल्यास मी खोटें बोलणार नाहीं," असें आमच्या स्नेह्यांनीं लिहिलें होतें, "परंतु कोणी विचारलेंच नाहीं, तर आपण होऊन सांगण्यास मी बांधलेला आहें काय?"

आम्हीं उलट टपालीं उत्तर पाठविलें. तें थोडक्यांत असें होतें: न विचारलेलें सांगण्याचें बंधन कोणावर नाहीं, बदललेला सांगाडा जुन्यापेक्षां मजबूत असेल तर घेणाराचें त्यांत नुकसान नसून हितच आहे, आणि जिचे टायर, पट्टे, दिवे, नळ्या असे नाना भाग आजवर बदललेच आहेत, तिचा आणखी एक भाग बदलला ह्यांत सांगण्यासारखें तें काय? उत्तर लिहून झाल्यावर आम्हांस आपल्या व्यवहारचातुर्याचें थोडें कौतुकही वाटलें. पुढें मात्र तें उत्तर मनांत सलूं लागलें. आज आमचें मत असें आहे कीं, तें उत्तर चुकलेलें होतें. तें कोठें चुकलें हें स्वतःशीं नीट पाहावें, आणि वाचकांनाही त्या विचारांत सहभागी करून घ्यावें, एवढ्यासाठीं हा लेख आहे.

प्रथम ह्या जातीच्या गाड्यांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. वेगाच्या हौसेसाठीं बांधलेली स्पोर्ट्स मोटार ही बहुधा दोघांनीं बसण्याची, ठेंगणी आणि संसारास निरुपयोगी अशी वस्तु असे. १९६० नंतरच्या दशकांत कांहीं कारखानदारांनीं तिला मागच्या बाजूस उतरतें छप्पर देऊन, त्याच्या शेवटीं वर उचलण्याचें काचेचें दार बसविलें. त्यामुळें डौल तसाच राहून दोन पोरें, चार बोचकीं किंवा एखादा कुत्रा यांची मागें सोय झाली. एम. जी. कंपनीची 'एम. जी. बी. जी. टी.' ही १९६५ सालीं, सिमिटर जी. टी. ई. १९६८ सालीं, आणि जपानच्या निसान कंपनीची 'फेअरलेडी झेड', जी अमेरिकेंत डॅटसन २४०-झेड म्हणून गाजली, ती १९६९ सालीं लोकांपुढें आली. टोयोटा कंपनीनें आपल्या सेलिका गाडीचा असा नमुना १९७३ सालीं जपानांत काढला, आणि त्यास 'लिफ्टबॅक', म्हणजे मागची बाजू वर उचलणारी, असें नांव दिलें. आज ह्या गाड्या जे बाळगतात त्यांपैकीं फारच थोड्यांनीं त्या नव्या घेतल्या असतील. बाकीच्यांच्या दारीं त्या चार-पांच हात फिरून आलेल्या आहेत. म्हणजे ह्या हौसेचा सगळा व्यवहार वापरलेल्या वस्तूचा, आणि म्हणूनच पूर्वींच्या मालकाच्या शब्दाचा आहे.

सिमिटरचा कारखाना टॅमवर्थ ह्या गांवीं होता. ओगल नांवाच्या संस्थेंतील टॉम कॅरेन ह्यांनीं तिचा आकार आंखला. तीन लिटरचें सहा सिलिंडरांचें फोर्डचें इंजिन, ताशीं सुमारें १२० मैलांचा वेग, मागील आसनाची पाठ अर्धी अर्धी निराळी पाडतां येईल अशी युक्ति, आणि मागचें तें काचेचें दार, एवढ्या गोष्टी एकत्र आल्यामुळें तिला चाहते मिळाले. राजकन्या ॲन हिला १९७० सालीं ही गाडी भेट मिळाली, आणि पुढें तिनें एकामागून एक अशा कित्येक सिमिटर बाळगल्या.

ह्या गाडीच्या बांधणींतच आमच्या प्रश्नाचें मूळ आहे. तिचें वरचें अंग पत्र्याचें नसून काचेचे तंतु राळेंत बसवून केलेलें आहे. त्यास गंज चढत नाहीं. पन्नास वर्षांनंतरही घासूनपुसून रंग दिला कीं, तें कालच कारखान्यांतून निघाल्यासारखें चकाकतें. परंतु हें अंग ज्यावर उभें असतें तो सांगाडा पोलादाचा. इंग्लंडांत हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. तें मीठ चिखलाबरोबर सांगाड्याच्या सांदीकोपऱ्यांत बसतें आणि पोलाद खाऊं लागतें. म्हणून ह्या गाडीचें जाणतें गिऱ्हाईक वरच्या रंगास भुलत नाहीं; तें विजेरी घेऊन गाडीखालीं शिरतें. निसानच्या झेडमध्यें किंवा एम. जी.मध्यें अंग आणि सांगाडा मिळून एकच पोलादी पेटी असते. तेथें गंज केव्हां ना केव्हां वर फुटून दिसतो, आणि त्यावर लांबी भरून रंग देणारे कारागीरही मिळतात. सिमिटरला तेवढेंही करावें लागत नाहीं. तिचें वय तिच्या तोंडावर कधींच दिसत नाहीं.

आतां प्रश्नाकडे वळूं. वास्तविक प्रश्न दोन आहेत, आणि ते एकांत एक मिसळल्यामुळेंच आमची फसगत झाली. पहिला प्रश्न असा: सांगाडा आणि इंजिन बदललेली गाडी ती तीच गाडी, कीं दुसरी? दुसरा असा: ही गोष्ट न विचारणारास सांगावी कीं न सांगावी? पहिला वस्तूच्या स्वरूपाचा आहे, दुसरा माणसाच्या वर्तनाचा.

पहिल्या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वीं झालेला आहे, आणि योगायोग असा कीं, तोही वाहनाच्याच दृष्टान्तानें. 'मिलिंदपञ्ह' ह्या पाली ग्रंथांत यवन राजा मिलिंद आणि भिक्षु नागसेन यांचा संवाद आहे. आपण रथांत बसून आलों असें राजाकडून वदवून घेऊन नागसेन त्यास विचारतो कीं, रथ म्हणजे कोणता? आंस म्हणजे रथ काय? चाकें, जूं, लगाम म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो. मग हे सर्व भाग मिळून रथ, कीं ह्या भागांहून निराळा असा कांहीं रथ आहे? त्यासही राजाचा होकार नाहीं. शेवटीं राजा आपल्याच तोंडानें कबूल करतो कीं, ह्या सर्व भागांच्या आश्रयानें लोकव्यवहारांत चालणारें 'रथ' हें एक नांव आहे, इतकेंच.

ग्रीक लोकांनीं हाच प्रश्न जहाजाविषयीं केला. थीसियस ह्या वीराचें जहाज अथेन्सच्या लोकांनीं जपून ठेवलें होतें. जी फळी कुजे ती काढून तिच्या जागीं ते नवी बसवीत. प्लुटार्क सांगतो कीं, हें जहाज तत्त्वज्ञांच्या वादाचें नित्याचें उदाहरण होऊन बसलें. एक पक्ष म्हणे तेंच जहाज, दुसरा म्हणे तें नव्हे. सतराव्या शतकांत हॉब्जनें त्यांत आणखी एक मेख मारून ठेवली. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्याच क्रमानें दुसरें जहाज उभें केलें, तर खरें जहाज कोणतें?

जुन्या मोटारींच्या जगांत हा वाद केवळ बुद्धीचा खेळ राहिलेला नाहीं. १९८८ सालीं ब्रिटिश मोटर हेरिटेज ह्या संस्थेनें मूळ कारखान्याचे साचे मिळवून एम. जी. बी. गाडीचीं पत्र्याचीं अंगें नव्यानें तयार करण्यास आरंभ केला. आतां समजा, एखाद्यानें १९६७ सालच्या गंजक्या गाडीचें इंजिन, चाकें, आसनें आणि नोंदणीची पाटी काढून ह्या नव्या अंगांत बसविलीं. ह्या जातींत अंग हाच सांगाडा. मग ही गाडी १९६७ ची कीं १९८८ नंतरची? आणि टाकलेलें जुनें अंग दुसऱ्या हौशानें उचलून, डागडुजी करून रस्त्यावर आणलें, तर हॉब्जचीं दोन जहाजें आपल्या डोळ्यांसमोर उभीं राहतील.

सरकारास अशा वेळीं तत्त्वज्ञांप्रमाणें अनिर्णीत राहतां येत नाहीं. इंग्लंडच्या वाहननोंदणी खात्यानें ह्यासाठीं कित्येक वर्षें एक गुणपद्धति वापरली. ज्या गाडींत मूलगामी बदल झाले आहेत तिनें आपला जुना नोंदणीक्रमांक राखावा कीं नाहीं, हें तींत गुणांवर ठरे. सांगाड्यास ५ गुण. सस्पेन्शन, आंस, गिअरबॉक्स आणि स्टीअरिंग यांस प्रत्येकीं २. आणि ज्यास आपण गाडीचें काळीज म्हणतों त्या इंजिनास अवघा १. चौदांपैकीं आठ गुण मिळाले पाहिजेत, आणि सांगाडा मूळचा तरी असावा किंवा कारखान्यांतून आलेला कोरा तरी असावा, अशी अट असे. दुसऱ्या जुन्या गाडीचा सांगाडा त्यांत चालत नसे. ह्या कसोटीवर आमच्या स्नेह्यांची गाडी सरळ अनुत्तीर्ण झाली असती. हें आम्हांस उत्तर लिहितांना ठाऊक नव्हतें. म्हणजे 'घेणाराचें नुकसान नाहीं' असें आम्हीं ज्या ऐटीनें लिहिलें, तें आमच्या अज्ञानाच्या बळावर लिहिलें होतें. ज्यानें ती गाडी भोळेपणानें घेतली असती, त्याच्या हातून पुढें कधीं तरी तिचा क्रमांकच जाण्याचा संभव होता.

परंतु केवळ नियम आडवा आला म्हणून आमचें उत्तर चुकलें, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. नियम बदलतात, उद्यां तो अगदीं सैल झाला तरी आमचा प्रश्न शिल्लक राहीलच. त्याचें खरें उत्तर आम्हांस एका खटल्यानें दाखविलें. बेंटले कंपनीची 'ओल्ड नंबर वन' ह्या नांवानें प्रसिद्ध असलेली शर्यतीची मोटार १९२९ आणि १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढें तिच्यांत मोठाले फेरफार झाले. १९३२ सालीं ब्रुकलंड्सच्या मैदानावर तिला भयंकर अपघात होऊन क्लाइव्ह डनफी हा तिचा सारथी मरण पावला. नंतर ती पुन्हां निराळ्या रूपांत बांधली गेली. १९९० सालीं तिच्या मालकानें ती सुमारें एक कोटी पौंड किंमतीस विकण्याचा करार केला. घेणारी कंपनी होती मिडलब्रिज सिमिटर, म्हणजे ज्या सिमिटर गाडीची आम्ही गोष्ट सांगत आहों, तीच मूळ कारखान्यानें बंद केल्यावर पुन्हां काढण्याचे हक्क घेणारी कंपनी. ही गाडी खरी 'ओल्ड नंबर वन' नव्हेच, असें म्हणून तिनें करार नाकारला, आणि प्रकरण लंडनच्या हायकोर्टांत गेलें.

न्यायमूर्ति ऑटन ह्यांच्यापुढें मिलिंद राजाचाच रथ येऊन उभा राहिला. कोणता भाग कोणत्या सालचा, हें एकेक करून पाहण्यांत आलें. १९२९ सालीं शर्यत जिंकलेल्या गाडीचें फारच थोडें द्रव्य आतां उरलें होतें. तथापि न्यायमूर्तींचा निर्णय असा झाला कीं, हिला अक्षरशः 'मूळची' म्हणतां येणार नसलें, तरी शर्यतीच्या त्या दिवसांपासून आजपर्यंत हिच्या अस्तित्वाची परंपरा अखंड आहे. मध्येंच ती नष्ट झाली आणि तिच्या नांवानें दुसरी उभारली गेली, असें कधीं झालें नाहीं. म्हणून हीच खरी 'ओल्ड नंबर वन', आणि घेणारानें करार पाळला पाहिजे.

हा निर्णय वाचतांना आमच्या मनांत असें आलें कीं, अखंड परंपरा ही कोठें असते? ती पोलादांत नसते. पोलादास आपला जन्म आठवत नाहीं. ती असते कारखान्याच्या वह्यांत, शर्यतीच्या नोंदींत, छायाचित्रांत, ज्या कारागिरांनीं भाग बदलले त्यांच्या जबानींत. न्यायमूर्तींस 'तीच' असें म्हणतां आलें, तें इतके भाग बदलले असूनही नव्हे, तर कोणता भाग केव्हां आणि कां बदलला हें उघड झालें म्हणून. साक्षीदार नसते, कागद नसते, किंवा ते खोटे असते, तर त्यांच्यासमोर जुनें म्हणविणाऱ्या लोखंडाचा एक ढीग राहिला असता.

येथें आम्हांस आमच्या चुकीचा धागा सांपडला. नागसेनाचें उत्तर घाईनें वाचणारास असें वाटतें कीं, ज्या अर्थीं रथ हें नुसतें नांव आहे, त्या अर्थीं भाग बदलल्याचें कोणीं मनावर घेऊं नये. आम्हीं स्नेह्यांस लिहिलेला उपदेश ह्याच घाईचें फळ होतें. परंतु नांव लोकव्यवहारावर उभें आहे असें म्हटल्यानें त्याचा पाया लटका ठरत नाहीं. तो पाया कोठें आहे तेवढें कळतें. तो माणसांच्या परस्पर विश्वासांत आहे. गाडीचें एकत्व जर तिच्या द्रव्यांत असतें, तर कोणी कितीही खोटें बोललें तरी तें अबाधित राहिलें असतें. सोन्यास पितळ म्हटल्यानें सोनें पितळ होत नाहीं. पण तें एकत्व द्रव्यांत नाहीं, साक्षींत आहे, असें एकदां ठरलें, म्हणजे खोटी साक्ष किंवा गिळलेली साक्ष ही त्या वस्तूच्या जिव्हारींच लागते. सांगाडा बदलल्यानें सिमिटर मरत नाहीं. सांगाडा बदलल्याची गोष्ट बुडाली कीं ती मरते, मग वरचें अंग कितीही चकाको. तात्पर्य, आम्हीं जे दोन प्रश्न निराळे केले ते शेवटीं एकाच जागीं येऊन मिळतात. 'ही तीच काय?' ह्या प्रश्नाचें उत्तर 'हिच्या मालकांनीं सत्य पुढें दिलें काय?' ह्यावर बव्हंशीं अवलंबून आहे.

ह्यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल कीं, हें सर्व ठीक आहे. परंतु आपण होऊन सांगण्याचें बंधन ह्यांतून कसें निघतें? घेणारानें डोळे उघडे ठेवावे, असें एक जुनें लॅटिन सूत्र इंग्रजी कायद्यानें पिढ्यान् पिढ्या मानलें आहे. हा आक्षेप वरवर पाहतां बिनतोड वाटतो, आणि तो आजचाही नाहीं. सिसेरोनें इ. स. पूर्वीं ४४ मध्यें कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला त्यांत हाच वाद आहे. ऱ्होड्झ बेटांत दुष्काळ पडलेला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन तेथें पोंचतो. आपल्या मागून धान्याचीं आणखी गलबतें येत आहेत हें त्याला ठाऊक आहे. तें त्यानें सांगावें, कीं गप्प राहून चढ्या दरानें धान्य विकावें? तसेंच, ज्या घराचे दोष फक्त मालकालाच ठाऊक आहेत, तें विकतांना त्यानें ते बोलून दाखवावे काय? डायोजिनीझचा पक्ष असा कीं, कायद्यानें सांगावयास लाविलें तेवढें सांगावें आणि कपट करूं नये. न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. अँटिपेटरचा पक्ष असा कीं, घेणारास ठाऊक असावें असें विकणाऱ्याजवळ कांहींच झांकलेलें असूं नये. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूस झुकतो. प्रत्येक मौन म्हणजे लपविणें नव्हे, हें तो मान्य करतो. पण जें दुसऱ्यास कळणें त्याच्या हिताचें आहे, तें आपल्या लाभासाठीं त्याला कळूं न देणें, हें मात्र लपविणेंच होय, असा त्याचा निवाडा आहे.

आमचें मन आम्हीं ह्या कसोटीवर घासून पाहिलें. 'विचारलें नाहीं म्हणून सांगितलें नाहीं' ह्या वाक्यांत आम्हांस निरुपद्रवी मौन दिसलें होतें. परंतु कोणी विचारूं नये अशी इच्छा त्या मौनाच्या पोटांत होती, कारण विचारल्यास किंमत उतरणार होती. ज्या मौनाची किंमत पौंडांत मोजतां येते, तें मौन नव्हे, तो सौदा आहे. शिवाय सिमिटरच्या बाबतींत घेणारानें डोळे उघडे ठेवूनही भागत नाहीं. विजेरी घेऊन गाडीखालीं शिरणारास सांगाडा मजबूत आहे इतकें दिसेल. तो दुसऱ्या गाडीचा आहे हें कसें दिसावें? जें फक्त सांगण्यानेंच कळतें, तेथें न सांगणें आणि खोटें सांगणें ह्यांतील अंतर फार थोडें उरतें.

दुसरा एक आक्षेप अधिक करुण आहे. असें सत्य सांगणाराचेंच नुकसान होतें. न सांगणारा सुखानें झोपतो. मग प्रामाणिकपणाचा दंड एकट्यानें कां भरावा? ह्यास आमच्याजवळ गोड उत्तर नाहीं. दंड भरावा लागतो हें खरें आहे. परंतु आमच्या स्नेह्यांस ही गाडी वीस वर्षें उपभोगावयास मिळाली, ती त्यांच्या आधींच्या एका मालकानें सांगाड्याची गोष्ट बोलून दाखविली असतांनाही. तो गप्प राहता तर ही माहिती त्याच्याबरोबरच नाहींशी झाली असती. त्यानें तोंडीं कां होईना, पण साक्ष पुढें दिली. तिचें ऋण आमच्या स्नेह्यांवर होतें. आणि तें फेडावयाचें तें मागच्यास नव्हे, पुढच्यास. जुन्या वस्तूचा मालक हा मालक थोडा आणि विश्वस्त अधिक असतो. वस्तु त्याच्याआधीं होती आणि त्याच्यामागें राहणार आहे; मधल्या कांहीं वर्षांची वहीच काय ती त्याच्या हातीं असते.

ह्याचा अर्थ जुन्या गाडीस हातच लावूं नये, असा कोणीं करून घेऊं नये. आपल्या भाषेंत जीर्णोद्धार असा सुंदर शब्द आहे; त्यांत जीर्णास दोष नाहीं आणि उद्धारास लाज नाहीं. निसान कंपनीनें १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत एक गोष्ट केली. झेड जातीच्या नव्या गाडीची तेथील विक्री थांबली असतां, तिनें वापरलेल्या जुन्या २४०-झेड स्वतःच विकत घेतल्या, निवडक कारागिरांकडून त्या नव्यासारख्या करवून घेतल्या, आणि आपल्या विक्रेत्यांमार्फत पुन्हां विकल्या. त्या गाड्यांत नव्याचा भरणा पुष्कळ होता. पण त्यांत फसवणूक नव्हती, कारण जीर्णोद्धार हेंच त्यांचें बिरुद होतें. तें पुसून विकण्याचा तेथें प्रश्नच नव्हता. तेव्हां दोष भाग बदलण्यांत नाहीं, बदल पुसून टाकण्यांत आहे. अगदीं न बदललेली गाडी ही तर बहुधा न चाललेली गाडी असते. आणि धांवण्यासाठीं केलेली वस्तु आच्छादनाखालीं ठेवून जपणें म्हणजे तबला फुटेल म्हणून तो न वाजविण्यासारखें आहे.

कोणी आम्हांस असेंही विचारील कीं, श्रीमंत देशांतल्या हौशी लोकांच्या जुनाट मोटारी, त्यांचें एवढें तत्त्वज्ञान कशाला? पेट्रोल जाळून धूर ओकणाऱ्या वस्तूवर जीव लावणें ही आसक्तीच नव्हे काय? ह्या आक्षेपांत तथ्य आहे, आणि आम्ही तें नाकारीत नाहीं. गाडीच्या प्रेमास कोणीं भक्ति म्हणूं नये. परंतु माणसाच्या सचोटीची परीक्षा नेहमीं मोठ्या रणांगणावरच होते असें नाहीं. ती बहुतेक वेळां अशाच क्षुल्लक आणि हौसेच्या ठिकाणीं, कोणी पाहत नसतांना, चार पैशांच्या फरकानें होते. आणि थोडें अंतर्मुख होऊन पाहिलें, तर ही गोष्ट गाडीपाशींच थांबत नाहीं. आपण सर्वच भाग बदलत चाललेले रथ आहों. वीस वर्षांपूर्वींचें शरीर आज नाहीं, तेव्हांचीं मतें आज नाहींत. तरी आपण 'तोच मी' असें म्हणतों, आणि लोक तें मान्य करतात. तें कशाच्या बळावर? बदललों तर बदललों असें सांगण्याच्या बळावर. ज्यानें आपलें मत बदललें आणि मी आधींपासून हेंच म्हणत होतों असा बहाणा केला, त्याचें वरचें अंग चकाकतें खरें. परंतु आंतील सांगाडा कोणाचा, हें मग त्याचें त्यालाही कळेनासें होतें.

म्हणून आम्हीं स्नेह्यांस दुसरें पत्र लिहिलें आणि पहिलें मागें घेतलें. तें पोंचण्यापूर्वींच त्यांचें उत्तर आलें. आमचा उपदेश त्यांस मुळींच रुचला नव्हता. त्यांनीं एक कोरी वही आणून तींत आपणांस ठाऊक असलेलें सर्व लिहून काढलें होतें: सांगाडा दुसऱ्या गाडीचा, इंजिन मूळचें नव्हे, अमुक सालीं गिअरबॉक्स उघडला, अमुक सालीं मागच्या दाराची काच बदलली. नोंदणी खात्यासही त्यांनीं तसें कळविलें. खात्यानें पुढें काय ठरविलें तें आम्ही येथें सांगत नाहीं, कारण तो निर्णय कोणताही झाला असता तरी वही लिहिणें योग्यच ठरलें असतें. पहिलें गिऱ्हाईक वही चाळून, आभार मानून निघून गेलें. दुसऱ्यानें किंमत बरीच उतरवून मागितली, आणि आमच्या स्नेह्यांनीं ती कबूल केली.

गाडी नेण्यास तो आला त्या दिवसाची हकीकत त्यांनीं दोनच ओळींत लिहिली आहे. त्यानें किल्ल्यांसाठीं हात पुढें केला नाहीं; आधीं वही मागून घेतली, शेवटचें पान काढलें, आणि त्याखालीं त्या दिवसाची तारीख घालून आपलें नांव लिहिलें.